पेन्सिलीची खाडी

२०२५च्या भाऊबीजेला, म्हणजे २३ ऑक्टोबरला, फिलिप पुलमन यांची ‘द रोझ फील्ड’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. तिच्या आधीचा भाग २०१९ साली आला होता आणि त्यानं लायरा या नायिकेला वाळवंटाच्या कडेला एका उजाड गावात आणून सोडलं होतं. सहा वर्षं वाचकही तिच्याबरोबर तिथंच उभे होते. आमच्या नेरुळच्या घरी हे पुस्तक दिवाळी उलटल्यावर आलं. लेकीनं पार्सल फोडलं, पुस्तक पुढून-मागून बघितलं आणि न उघडताच कपाटात आडवं ठेवून दिलं.

“अगं, इतकी वर्षं वाट बघितलीस ना?” मी विचारलं.

“मी एकटीनं नाही बघितली,” ती म्हणाली.

दुसरी वाट बघणारी माझी आई. ती २०२४च्या श्रावणात गेली. एकोणऐंशी वर्षांची होती. कुलाबा जिल्ह्याचं नाव बदलून रायगड झालं त्याच्या कितीतरी आधीपासून ती जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवत होती. निवृत्तीनंतर वडील गेले आणि ती माझ्याकडे राहायला आली. इंग्रजी तिला पाचवीच्या पुस्तकापुरतं यायचं. पुलमन हे नाव ऐकून तिनं विचारलं होतं, “हा आपल्या पुलंचा कोण लागतो?” तरीही त्या पुलमनच्या पाच जाड पुस्तकांतलं पानन् पान तिला ठाऊक होतं, कारण माझ्या लेकीनं ती सगळी तिला संध्याकाळी गॅलरीत बसून मराठीत सांगितली होती.

आजीनं सांगायचं आणि नातवंडानं ऐकायचं, ही आपल्याकडची रीत. आमच्या घरात ती उलटी झाली. लेक दहा वर्षांची असताना तिच्या हाती पहिला हॅरी पॉटर आला. त्याच सुमारास आईचा काचबिंदू वाढला होता. अक्षर दिसायचं, पण ओळ हरवायची. आयुष्यभर वाचत आलेली बाई वर्तमानपत्र मांडीवर ठेवून नुसती बसायला लागली. एका संध्याकाळी तिनं नातीला विचारलं, “एवढं काय वाचतेस बाय? मलापण सांग.” नात म्हणाली, “आजी, इंग्लिश आहे ते.” आई म्हणाली, “मग मराठीत सांग.”

तिथून सुरू झालं ते सात वर्षं चाललं. मी तेव्हा रोज नेरुळहून सीएसएमटीला नोकरीला जायचे. परतले की स्वयंपाकघरातून मला तुकडे ऐकू यायचे. शिक्षिका असल्यामुळे आईचं एरवीचं बोलणं पुस्तकी असायचं, पण गोष्ट रंगली की माहेरची आगरी बोली वर यायची. “मंग काय झाला?” हा प्रश्न मी फोडणीच्या आवाजातही ऐकलेला आहे. नात थांबली, अडखळली, तिला मराठी शब्द सापडेना, की आईचं तेच: “मंग काय झाला?”

त्या दोघींनी मिळून एक शब्दकोश केला होता. ‘फिलॉसॉफर्स स्टोन’साठी लेकीनं आधी ‘तत्त्वज्ञाचा दगड’ असं काहीतरी केलं. आई म्हणाली, “अगं, परीस म्हण की.” पुढं मला कळलं की मराठी अनुवादाचं नावच ‘हॅरी पॉटर आणि परीस’ असं आहे. ते सांगितलं तेव्हा पेपरात पैकीच्या पैकी मिळाल्यासारखा तिचा चेहरा झाला. मनातला सगळा आनंद शोषून घेणाऱ्या डिमेंटरपाशी मात्र ती अडली. खवीस, झोटिंग, मुंजा, समंध असे एकेक करून तिनं बाजूला सारले. “ह्याला आपल्याकडे नाव नाही. तो तसाच राहू दे.” पाचव्या भागात थेस्ट्रल नावाचे हाडकुळे, पंखांचे घोडे येतात. ज्यानं कुणाचं मरण डोळ्यांनी बघितलंय त्यालाच ते दिसतात. आईनं त्यांना ‘मरणघोडे’ म्हटलं. शब्द इतका चपखल बसला की लेक मैत्रिणींशी इंग्रजीत बोलतानाही मरणघोडेच म्हणायची.

रोशनी चोक्षी यांची ‘अरू शाह अँड द एंड ऑफ टाइम’ ही २०१८ची कादंबरी आईला फार आवडली. अमेरिकेतल्या मुलींच्या रूपानं पांडव पुन्हा जन्माला येतात आणि त्यांना वाट दाखवायला एक कबूतर असतं. ते कबूतर म्हणजे शकुनी, हे कळल्यावर आई किती वेळ हसत होती. मग गंभीर होऊन म्हणाली, “बरोबर आहे. त्यालापण एक संधी मिळायला हवी.”

तिचा सगळ्यात लाडका शब्द होता ‘जीवपोपट’. पुलमनच्या जगात प्रत्येक माणसाचा जीव त्याच्या शरीराबाहेर, एखाद्या प्राण्याच्या रूपात, त्याच्याबरोबर चालत-बोलत असतो. मूल लहान असेपर्यंत तो प्राणी क्षणोक्षणी रूप बदलतो. मूल मोठं झालं की एका रूपात कायमचा थांबतो. लेकीला हे समजावून सांगायला खूप वेळ लागेल असं वाटलं होतं. आईला एका वाक्यात समजलं. “राक्षसाचा जीव पोपटात असतो, तसं. फक्त हितं राक्षसच नाही, सगळ्यांचाच जीव बाहेर आहे.” मग दोघींनी घरातल्या प्रत्येकाचा जीवपोपट ठरवला. माझा चिमणी, सतत घाईत असलेली. आईनं स्वतःसाठी निवटी घेतली. खाजणातल्या चिखलात टुणटुण उड्या मारणारा तो बोटभर मासा, धड पाण्यातला नाही, धड जमिनीवरचा नाही. “चिखलात सुखी,” ती म्हणाली.

हे अद्भुत आईला परकं वाटलं नाही याचं कारण ती त्यातच वाढली होती. मराठी ‘चांदोबा’ १९५२ साली निघाला तेव्हा ती सात वर्षांची होती. तिचे मामा पनवेलच्या बाजारातून तो आणायचे. विक्रम दर महिन्याला प्रेत खांद्यावर घेऊन निघायचा आणि दर महिन्याला वेताळ परत झाडावर जायचा, यात तिला कधी कंटाळा आला नाही. पुढं शिक्षिका झाल्यावर तिनं नाथमाधवांचं ‘वीरधवल’ वाचलं. शिकारीला गेलेले असताना कड्यावरून पडून नाथमाधवांचं कमरेखालचं शरीर लुळं पडलं होतं. आयुष्य अंथरुणाला खिळलं आणि तिथून त्यांनी घोडदौड करणारी, भुयारांतून निसटणारी, तलवारी परजणारी माणसं लिहिली. आई हे वर्गात आवर्जून सांगायची. अद्भुत कुठून येतं हे मुलांना त्यावरून कळतं, असं ती म्हणे.

माझ्या पिढीला भा. रा. भागवत मिळाले. पनवेलच्या वाचनालयात फास्टर फेणेचे भाग मी रांगेत उभी राहून मिळवले आहेत. ज्यूल व्हर्न मला भागवतांच्या मराठीतच भेटला. ‘किशोर’चा अंक १९७१पासून शाळाशाळांत यायचा. पण तेरावं लागलं आणि फळी संपली. त्यापुढं थेट सुहास शिरवळकर, बाकाखाली लपवून. थेट धारपांच्या भयकथा, आईला न दाखवता. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीच्या हाती, तिच्यासाठी म्हणून लिहिलेलं, तिच्या रागाला आणि भीतीला समोरून बघणारं मराठी पुस्तक मला आठवत नाही. प्रकाश नारायण संतांचा लंपन आहे, मिलिंद बोकीलांच्या ‘शाळा’तला मुकुंद आहे. दोघांवर माझं अतोनात प्रेम आहे. पण ती पुस्तकं मोठ्या माणसानं मागं वळून बघितलेली आहेत. चौदाव्या वर्षी मागं बघायचं नसतं, पुढं काय आहे ते बघायचं असतं. माझी लेक त्या वयात इंग्रजीत गेली, तिच्या वर्गातली सगळीच गेली, आणि मी त्यांना दोष देऊ शकत नाही. ती परत येत होती ते फक्त संध्याकाळी, आजीपाशी.

२०२०चा उन्हाळा. लोकल बंद, शाळा मोबाइलवर, आणि खाडीवर फ्लेमिंगोंचा असा गुलाबी पसारा की लोक गच्च्यांवरून तासन्‌तास बघत बसायचे. मी घरातच होते, त्यामुळे पहिल्यांदा सलग ऐकायला मिळालं. लेक तेरा वर्षांची. ‘हिज डार्क मटेरियल्स’चा २००० सालचा तिसरा भाग सांगणं चाललं होतं. लायरा मृतांच्या प्रदेशात निघते. तिथं जाताना जीवपोपट अलीकडच्या काठावर सोडून जावा लागतो, एवढं सांगून लेक थांबली. आईनं त्या दिवशी ‘मंग’ म्हटलं नाही. उठून आत गेली.

दुसऱ्या दिवशी पुढची गोष्ट. मृतांच्या प्रदेशावर हार्पी नावाच्या, बाईच्या तोंडाच्या पक्षिणींचा पहारा असतो. लायरा त्यांना आपल्या नेहमीच्या सवयीनं रंगवून रंगवून थापा सांगते आणि त्या तिच्यावर तुटून पडतात. मग सभोवती जमलेल्या मृत मुलांना ती एक खरी गोष्ट सांगते. तिच्या गावाबाहेरची मातीची खाण, नदीकाठचा चिखल आणि त्या चिखलात पोरापोरांची झालेली लढाई. एवढंच. त्या पक्षिणी गप्प होऊन ऐकतात. त्यांना आजवर कुणी खरं काही ऐकवलेलंच नसतं. मग करार होतो: इथून पुढं येणाऱ्या प्रत्येक मृतानं आपल्या आयुष्याची खरी गोष्ट सांगायची. ज्याच्याजवळ ती असेल त्याला या पक्षिणी बाहेरच्या मोकळ्या हवेपर्यंत वाट दाखवतील.

“चिखलाची गोष्ट का?” आईनं विचारलं. “हो आजी. फक्त चिखलाची.” आई बराच वेळ खाडीकडे बघत राहिली. मग म्हणाली, “मंग मीपण सांगते एक.”

आईचं माहेर कोंबडभुजे. लेकीला लहानपणी हे नाव सांगितलं तेव्हा तिला ते एखाद्या जादूच्या पुस्तकातलं गाव वाटलं होतं. नवी मुंबई विमानतळासाठी जी दहा गावं उठली त्यांत ते एक. कोंबडभुजे, तरघर, उलवे, गणेशपुरी, कोपर, कोल्ही, चिंचपाडा, वरचं ओवळं, वाघिवली, वाघिवलीवाडा. उलव्याची नव्वदेक मीटर उंचीची टेकडी सुरुंगांनी उतरवली गेली, उलवे नदी दुसरीकडून वळवली गेली, आणि ११६० हेक्टरांवर धावपट्ट्यांचं काम सुरू झालं. गावकऱ्यांना दुसरीकडे जागा मिळाल्या, नवी घरं उभी राहिली. पण कोणाच्या दारातून कोणाची चूल दिसते, कोणत्या बांधावरून आवाज दिला की कुठवर ऐकू जातो, ते पुन्हा बांधता येत नाही. २०१८ साली आम्ही आईला शेवटचं घेऊन गेलो तेव्हा घरं रिकामी होत होती. ती गाडीतून उतरली नाही.

तिनं सांगितलेली गोष्ट अशी. तिला एक धाकटा भाऊ होता. उधाणाच्या दिवसांत, ती नऊ वर्षांची आणि तो सहाचा असताना, दोघं निवट्या पकडायला खाजणात गेली. उघाडीपाशी, म्हणजे बांधाला पाणी आतबाहेर सोडायची जी दारं असतात तिथं, दुपारचं जायचं नाही, तिथं गिऱ्हा, म्हणजे पाण्यातलं भूत, असतो, असं घरच्यांनी बजावलेलं. ती मुद्दाम तिथंच गेली, कारण निवट्या तिथं जास्त. भरतीचं पाणी आलं तेव्हा तिनं बांध धरला. त्याचा हात तिच्या हातात होता आणि तो चिखलानं निसरडा झालेला होता.

तिनं एवढंच सांगितलं. गिऱ्हानं नेला असं गाव म्हणालं आणि तिच्या आईनं तिला एकदाही बोल लावला नाही. “गिऱ्हा नव्हता,” आई म्हणाली. “माझा हात सुटला.”

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. मी सत्तेचाळीस वर्षांची होते आणि मला मामा होता हे मला तेव्हा कळलं. दर भाऊबीजेला आई गॅलरीत जाऊन चंद्राला ओवाळायची. ज्या बाईला भाऊ नसतो तिनं चंद्राला ओवाळायचं, म्हणून आम्हाला त्यात कधी काही विचारावंसं वाटलं नाही.

लेकीनं तिला जवळ घेतलं नाही, रडली नाही. तेरा वर्षांच्या मुलीला जे सुचलं ते तिनं केलं. तिनं विचारलं, “आजी, कुठं ते? दाखव.” कितीतरी अद्भुत कादंबऱ्यांच्या सुरुवातीला नकाशा असतो. अशी पुस्तकं वाचणाऱ्या मुलांना आधी नकाशा लागतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं चित्रकलेच्या वहीचा कागद मागितला. काचबिंदूमुळे कागद नाकाशी धरून तिनं तीन दिवस कोंबडभुजे काढलं. घरं निळ्या बॉलपेननं. प्रत्येक घरावर माणसांची नावं नाहीत, हाक मारायची नावं. गावदेवी. चिंच, जिच्याखाली चकवा लागतो आणि माणूस रात्रभर तिथल्या तिथं फिरत राहतो. मिठागरं. खारजमिनीतली राता भाताची शेतं. मागं टेकडी, जिच्या माथ्यावरून बोटी दिसायच्या. सगळं झाल्यावर म्हणाली, “आता पेन्सिल दे.” लेकीनं विचारलं, पेन्सिल कशाला? आई म्हणाली, “खाडी शाईनं काढायची नाही. ती दिवसातून दोनदा सरकते. भरतीला इथवर येते, सुकतीला पार तिकडं जाते.” पेन्सिलीनं तिनं दोन रेषा काढल्या, एक भरतीची आणि एक सुकतीची, आणि दोन रेषांच्या मध्ये, उघाडीपाशी, पेन्सिलीनंच एक बारीक फुली.

तो कागद लेकीनं त्या तिसऱ्या भागाच्या पुठ्ठ्याआड ठेवला.

आईच्या शेवटच्या आठ दिवसांबद्दल मी फार लिहिणार नाही. दवाखान्यात लेक तिच्याजवळ होती, मी औषधं आणायला खाली गेले होते. मी वर आले तेव्हा लेक म्हणाली, “आई, आता मला मरणघोडे दिसणार.” सतरा वर्षांची मुलगी. आजूबाजूला कुणाला काही कळलं नाही. एका नर्सला वाटलं, मुलगी घाबरून बरळतेय. ती बरळत नव्हती. जे झालं होतं त्याला नाव असलेली ती त्या खोलीतली एकटी व्यक्ती होती, आणि ते नाव आजीनंच तिला दिलेलं होतं.

त्यानंतरच्या वर्षात मी लेकीची पुस्तकं वाचायला घेतली. आई जिवंत असताना मी एकही पान वाचलं नव्हतं, हे मला लिहून ठेवलं पाहिजे. लोकलमध्ये, नेरुळ ते सीएसएमटी, आणि परत. ‘यंग अडल्ट’ म्हणून आज जे येतं त्यातलं बरंचसं मला पोकळ वाटलं. तीन पुस्तकांचा ऐवज सात पुस्तकांत ताणलेला, प्रत्येक प्रकरण सिनेमाच्या मध्यंतरासारखं तुटणारं, आणि मुलगी शूर असली तरी दोन मुलांतून एकाची निवड करण्यात तिची अर्धी ताकद खर्च होणारी. पण जी चांगली आहेत ती इतकी खरी आहेत की मी स्टेशन चुकले आहे. सुझॅन कॉलिन्स यांची ‘सनराइज ऑन द रीपिंग’ २०२५च्या मार्चमध्ये आली. ‘हंगर गेम्स’मध्ये आपल्याला आधीच भेटलेला, दारूत बुडालेला एक मनुष्य सोळाव्या वर्षी कोण होता, त्याची ही गोष्ट. शेवट पहिल्या पानापासून माहीत असतो. तरीही मी मानखुर्दच्या पुढं खाडीपुलावर पुस्तक मिटून बसले, कारण पुढं वाचवेना. कॅथरीन रंडेल यांचं ‘इम्पॉसिबल क्रीचर्स’ लहान मुलांसाठी म्हणून २०२३ साली आलं. जगातले शेवटचे अद्भुत प्राणी जिथं उरलेत त्या बेटांची ती गोष्ट, आणि काय काय नाहीसं होत चाललंय याचं इतकं स्पष्ट दुःख मी मोठ्यांच्या कादंबऱ्यांत क्वचित वाचलंय.

ही पुस्तकं मरणाबद्दल मुलांशी खोटं बोलत नाहीत. आपल्याकडेही हे होतं, हे मला वाचता वाचता लक्षात आलं. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली लिहिलेलं ‘श्यामची आई’ म्हणजे तरी काय? आई गेल्यानंतर मुलानं एकेक रात्र बसून आश्रमातल्या मित्रांना सांगितलेल्या खऱ्या गोष्टी. बेचाळीस रात्री. गेलेल्या माणसाच्या खऱ्या गोष्टीनं मरण सोसायचं, ही रीत मराठीत आधीपासून आहे. पुढं आम्ही तिला मूल्यशिक्षणाच्या तासाला बसवलं आणि चौदा वर्षांच्या मुलांची फळी मोकळी ठेवली. अलीकडे काही चांगलं येतंय. साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार २०१७मध्ये ल. म. कडू यांच्या ‘खारीच्या वाटा’ला मिळाला, २०२२मध्ये संगीता बर्वे यांच्या ‘पियूची वही’ला, २०२४मध्ये भारत सासणे यांच्या ‘समशेर आणि भूतबंगला’ला. ही तिन्ही मी आणली. ‘खारीच्या वाटा’ मी लेकीला वाचून दाखवायला बसले. धरणापायी गाव सुटण्याची गोष्ट आहे हे कळल्यावर तिनं पुस्तक माझ्या हातातून काढून घेतलं आणि आपलं आपण वाचलं, मराठीत, अडखळत, दोन दिवसांत. त्या दोन दिवसांत ती एका शब्दाचा अर्थ विचारायला माझ्याकडे आली आणि सवयीनं “आजी” म्हणाली.

त्याच दिवाळीच्या सुट्टीत, ‘द रोझ फील्ड’ कपाटात आडवं पडलेलं असताना, मी एक चूक केली. संध्याकाळी गॅलरीत तिच्याशेजारी जाऊन बसले आणि म्हटलं, “वाच ना. आणि मला सांग. मंग काय झाला?” माझ्या तोंडी ती बोली कधीच नव्हती. माझ्या आईनं मला ती शिकवलीच नाही, शाळेत हसतील म्हणून. लेकीनं माझ्याकडे बघितलं. “तू आजीसारखं नको विचारूस,” ती म्हणाली. रागानं नाही म्हणाली. मी उठून आत आले.

जे गेलं ते नेमकं काय, हे मला त्या दिवशी कळलं. गोष्टी आहेत, कपाटभर आहेत. सांगणारीही आहे, तिची वाचा शाबूत आहे. ऐकणारी गेली. दोन माणसांत असलेली एक अख्खी भाषा, मरणघोडे, जीवपोपट आणि निवटी यांची, आता एका माणसाजवळ उरली. ती माझी मुलगी आहे, आणि तिचं पुढचं सगळं शिक्षण इंग्रजीत आहे.

ज्यांची घरं त्या दहा गावांत होती त्यांना मी कळकळीनं सांगते: घरातली सत्तरी-पंचाहत्तरी गाठलेली माणसं अजून आहेत तोवर त्यांना कागद द्या. चकवा कुठं लागायचा, गिऱ्हा कुठं होता, ते विचारा. खरं काय होतं तेही विचारा. घरातल्या पोराला शेजारी बसवा, ते जे वाचत असेल ते आधी त्याला सांगू द्या आणि तुम्ही मध्ये बोलू नका.

२०२५च्या नाताळापासून विमानं सुटायला लागली. आमच्या गॅलरीतून ती चढताना दिसतात. लेक आता पुण्याला कॉलेजात असते. दिवाळीची सुट्टी संपवून जाताना तिनं ‘द रोझ फील्ड’ बॅगेत घातलं आणि नकाशाही नेला. तो तिचाच आहे. नेण्याआधी मी नेरुळ स्टेशनजवळच्या दुकानातून त्याची झेरॉक्स काढून घेतली. घरं सगळी आली आहेत, हाक मारायची नावं वाचता येतात, गावदेवी, चिंच आणि टेकडी स्पष्ट आहेत. पेन्सिल मात्र उठलेली नाही. माझ्याकडच्या कागदावर खाडी नाही आणि ती फुलीही नाही.